अकरा गोण्यांचे पुण्य

पुण्यात समिती स्थापन होण्यास कारण लागत नाही. कारण लागते ती बरखास्त होण्यास, आणि ते सहसा सापडत नाही. आमच्या गृहनिर्माण संस्थेत गतवर्षी जी पर्यावरण समिती उदयास आली, तिने पहिल्याच बैठकीत अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि तीन सल्लागार यांची एकमताने निवड करून, दरमहा दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळात सभासदांच्या घरचे प्लास्टिक संकलित करावे व पुनर्चक्रीकरणासाठी रवाना करावे, असा ठराव मंजूर केला, तेव्हा त्यात आक्षेप घेण्याजोगे काही असेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही; आणि खरोखर, ठरावात तसे काही नव्हतेही. घोळ झाला तो नोंदवहीमुळे.

कार्यवाह हे महसूल खात्यात हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ असल्यामुळे, जे मोजले गेले नाही ते घडलेच नाही, अशी त्यांची अढळ श्रद्धा. त्यांनी लगोलग एक ताणकाटा आणवला आणि सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव, वजन व शेरा असे रकाने स्वहस्ते आखून जाडजूड वही सिद्ध केली. पहिल्या महिन्यापेक्षा दुसऱ्या महिन्यात वजन अधिक भरले, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात ‘समाधानकारक प्रगती’ अशी नोंद झाली. तिसऱ्या महिन्यात ते घटले, तेव्हा तातडीची बैठक बोलावण्यात आली. प्लास्टिक कमी जमले त्याअर्थी लोकांनी ते कमी वापरले असेल, अशी शक्यता एका सल्लागारांनी दबक्या आवाजात मांडून पाहिली खरी. परंतु इतिवृत्तात घेण्याच्या योग्यतेची ती कोणास वाटली नाही. सभासदांचा उत्साह ओसरत चालला आहे असा निष्कर्ष निघाला, आणि त्यावर इलाज म्हणून वर्षातून सर्वाधिक प्लास्टिक जमा करणाऱ्या कुटुंबास फिरती ढाल देण्याचे मुक्रर झाले.

यथावकाश ढाल तिसऱ्या मजल्यावर गेली. त्या कुटुंबातील चिरंजिवांचा साखरपुडा नुकताच थाटात पार पडला होता आणि निमंत्रितांच्या तृषाशमनार्थ आणलेल्या पाण्याच्या बाटल्या, अर्ध्या प्यालेल्या का होईना, त्यांनी नेकीने गोळा करून अकरा गोण्यांत भरून खाली आणल्या होत्या. पर्यावरणाविषयीच्या त्यांच्या या तळमळीचा गौरव करताना अध्यक्षांचा कंठ दाटून आला. धाकट्या कन्येचेही यंदा कर्तव्य असल्याने ढाल त्याच घरी राहील, असा जाणकारांचा होरा आहे.

याच्या उलट तळमजल्यावरच्या माईंची कथा. माई दूध आणायला पितळी बरणी घेऊन गवळ्याकडे जातात, भाजीला जुन्या लुगड्याची पिशवी नेतात, आणि वाण्याने साखर प्लास्टिकमध्ये बांधू लागताच त्याला थांबवून स्वतःचा डबा पुढे करतात. परिणामी त्यांच्या नावापुढे वहीत सलग शून्ये पडली, आणि कार्यवाहांना चौकशीसाठी जातीने जावे लागले.

“माई, याही महिन्यात तुमच्याकडून काहीच आलं नाही.”

“अहो, घरात नाहीच, तर आणू कुठून?”

“ते खरं; पण जरा प्रयत्न करायला हवा. संस्थेची सरासरी खाली येते.”

माईंच्या नावापुढे तूर्त ‘असहकार’ असा शेरा आहे.

समितीची दुसरी शाखा अंमलबजावणीची. तिचे प्रमुख हे निवृत्त अभियंते असून दारावर येणाऱ्या भाजीवाल्याच्या पिशव्यांची जाडी ते स्वतःच्या स्क्रू गेजने तपासतात. केंद्र सरकारच्या नियमांनी पिशवीची किमान जाडी 2016 साली 50 मायक्रॉन ठरवली, 30 सप्टेंबर 2021 पासून 75 आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 केली, हा इतिहास त्यांना मुखोद्गत आहे. आणि डोळ्यांवर चष्मा चढवून, पिशवीचे टोक गेजच्या चिमटीत धरून, श्वास रोखून ते आकडा वाचू लागले की भाजीवाला बिचारा परीक्षेचा निकाल लागावा तसा हात जोडून उभा राहतो. महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने सामान नेण्याच्या पिशव्यांवर, त्यांना बंद असोत वा नसोत, सरसकट बंदी घातली, पहिल्या गुन्ह्यास 5,000, दुसऱ्यास 10,000 आणि तिसऱ्यास 25,000 रुपये दंड व तीन महिने कैद अशी तजवीज केली. तेव्हा या राज्यात पिशवीची जाडी मोजणे म्हणजे बेकायदा दारू किती वर्षे मुरली आहे हे पाहण्यासारखे आहे, ही गोष्ट त्यांच्या नजरेस कोणी आणून दिलेली नाही. गेज महागाचे आहे. ते पडून राहू नये, अशीच सर्वांची भावना असावी.

आता या सर्व खटाटोपात ज्या व्यक्तीचा उल्लेख वहीत कोठेही नाही, तिच्याविषयी. आमच्याकडे रोज सकाळी कचरा न्यायला एक मावशी येतात. पुण्यातील कचरावेचकांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या नावाने आपली संघटना बांधली, तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि 2008 साली तिने महानगरपालिकेशी घरोघरच्या कचऱ्याविषयी करार केला, एवढा इतिहास या मावशींच्या मागे उभा आहे. त्यांची कमाई दुहेरी : घरटी मासिक शुल्क, आणि सुक्या कचऱ्यातून निवडलेल्या मालाची भंगाराच्या दुकानातली विक्री. कोणते प्लास्टिक विकले जाते आणि कोणते नाही, हे समजण्यास त्यांना बाटलीच्या बुडाचा त्रिकोणातला आकडा वाचावा लागत नाही. बोटांत धरून दाबले, चुरगाळले, कानाशी त्याचा आवाज आला, की माल आपापल्या गोणीत पडतो. दुधाची पिशवी त्या धुऊन घ्यायला सांगतात आणि तिचा कोपरा समूळ न कापता नुसती चीर द्यायला सांगतात, कारण तो कापलेला इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, गटारात मात्र पोहोचतो. वेफर्सचे पाकीट त्या उलटून दाखवतात. आतून ते चांदीसारखे लखलखते. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर त्यात असे चिकटवलेले असतात की ते सोडवण्याचा खर्च कोणास परवडत नाही, आणि फार तर सिमेंटच्या भट्टीत जाळण्यापुरतेच ते उपयोगी पडते. “ह्याला कोण इचारतंय!” म्हणून त्या ते बाजूला टाकतात.

आमच्या समितीने संकलनाची जी नियमावली छापली, तिच्यात ‘स्वच्छ, कोरडे व विक्रीयोग्य प्लास्टिकच स्वीकारले जाईल’ असे कलम आहे. म्हणजे बाटल्या, दुधाच्या पिशव्या आणि शाम्पूचे डबे समितीकडे रुजू होतात, आणि वेफर्सची व बिस्किटांची पाकिटे ‘अपात्र’ ठरून सोमवारी मावशींच्या बादलीत पडतात. जो माल एरवी रोज सकाळी मावशींच्या हातून पुनर्चक्रीकरणास जातच होता, तो आता महिनाभर बाल्कन्यांत साठून, छायाचित्रे निघून, भाषणे होऊन त्याच भंगाराच्या दुकानात जातो. फरक इतकाच की विक्रीची रक्कम खजिनदारांकडे जमा होते. ढाल त्यातूनच घडवली गेली.

मावशींनी तक्रार केलेली नाही. आपली गोणी हलकी का भरते, हे त्यांनी एकदा रखवालदाराला विचारले, आणि त्याने भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे बोट दाखवले.

पुढील महिन्यात संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेत समितीच्या विस्ताराचा, दुसऱ्या ताणकाट्याच्या खरेदीचा आणि माईंच्या असहकाराचा असे विषय आहेत. सभासदांना विनंती अशी की, ‘अध्यक्षांच्या अनुमतीने येणारे आयत्या वेळचे विषय’ या सदरात आणखी दोन घालून घ्यावेत : ढाल माईंच्या घरी पाठवावी, आणि बाटल्या मावशींना परत द्याव्यात. मावशींचे दोन महिन्यांचे शुल्क संस्थेकडे थकले आहे; त्याला ठरावाची गरज नाही, ते सभेपूर्वीच द्यावे.