वऱ्हाडातल्या हीटरची चिकित्सा

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाऊन बसत असल्याने मोटारीतील हीटरकडे येथील समाजाने कधी गांभीर्याने पाहिलेले नाही, आणि म्हणूनच त्याचा बिघाड ओळखण्याची रीतही येथे जगाच्या उलट आहे. थंड प्रदेशात गरम हवा येईनाशी झाली की हीटर बिघडला असे मानतात. वऱ्हाडात ती येत राहिली की मानतात. हे मत वाटते तितके अडाणीपणाचे नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिनातील तापलेले पाणी डॅशबोर्डामागच्या एका छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, फिरते, पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि पाणी किती सोडायचे हे ठरवणारा व्हॉल्व्ह डॅशबोर्डवरील दांडीला तारेने जोडलेला असतो. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेली ती तार गंजते, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो, आणि दांडी निळ्या टोकाला असतानाही चालकाच्या गुडघ्यांवर भर उन्हाळ्यात वाफारा सुरू होतो. पुष्कळ मालक यावर एसीत गॅस भरून घेतात, त्यामुळे एकाच डॅशबोर्डामागे दोन यंत्रे मालकाच्या पेट्रोलवर एकमेकांशी भांडत राहतात.

गरम हवा येतच नसेल तर खरी परीक्षा इंजिन गरम झाल्यावर बॉनेट उघडून करावयाची असते. इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्यातून हीटरचे दोन पाइप आत जातात. दांडी लाल टोकाला ठेवून दोन्हींना बेताने हात लावावा. दोन्ही गरम असतील तर दोष पंख्यात किंवा हवेच्या झडपेत असतो. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर व्हॉल्व्ह बंद अडकलेला असतो किंवा कोअर चोक झालेला असतो, आणि या दुसऱ्या शक्यतेत वऱ्हाडचा भूगोल गाडीत शिरतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा, म्हणजे भूजल खारट असलेला प्रदेश, पसरलेला आहे. दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याकडच्या रस्त्यावर गाडी उकळली की जवळच्या बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते. जे पाणी माणूस तोंडात धरत नाही ते इंजिनाला मुकाट्याने प्यावे लागते, आणि त्याचे क्षार व गंज कोअरच्या बारीक नळ्यांत साचत जातात. कूलंट वेळच्या वेळी बदलले असते तर हे टळले असते, परंतु कूलंट विकत आणावे लागते.

दोन्ही पाइप कोमटच राहत असतील, तर संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी मुख्य रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर, घ्यावा. पुष्कळदा मात्र तो जागेवरच नसतो. चौकशी केली असता गॅरेजमधून शांतपणे उत्तर मिळते, “काहाडून टाकला भाऊ, आपल्या इकडे काय काम हाय त्याचं?” याच विचारसरणीतून हीटरचे दोन्ही पाइप परस्पर जोडून कोअरला कायमची सुट्टी देण्याची प्रथा निघाली आहे, पायाखालची मॅट ओली होऊन काचेवर गोडसर वासाचे धुके येऊ लागले, म्हणजे कोअर गळू लागला, की हा उपाय हमखास होतो. तो स्वस्त आहे, आणि अकोल्याच्या हद्दीत त्याला नावे ठेवता येत नाहीत.

त्याची किंमत चिखलदऱ्याला मोजावी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या, कॉफी पिकवणाऱ्या या गावी डिसेंबरच्या पहाटे काच आतून दमटते, हीटर गार हवा फेकतो, आणि मालक मफलरने काच पुसत त्या स्वस्त उपायाचा विचार करतो. उन्हाळ्यात प्रकार याहून विचित्र होतो. परतवाड्याहून घाट चढताना हीटर शाबूत असलेली जुनी गाडी तापू लागली, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, असे शास्त्र सांगते, कारण हीटर कोअर हा इंजिनाच्या दृष्टीने दुसरा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनाची उष्णता प्रवाशांकडे वळवतो. हा उपाय खरोखर लागू पडतो, तापमानाचा काटा खाली येऊ लागतो, आणि चालक मोठ्या समाधानाने मागे वळून हे तत्त्व समजावू लागतो, तोवर मागच्या सीटवरील मंडळींनी गाडी थांबवून पायी चढण्याची तयारी दाखवलेली असते.