निस्तैल फलाफल: वाकोला पक्ष

फलाफल तेलावाचून होते की नाही, हा प्रश्न वाकोल्यात अद्याप शास्त्रशुद्ध रीतीने मांडला गेलेला नाही. कलिन्याचे विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथे या विषयाला अध्यासन नाही. म्हणून हा अल्प प्रयत्न.

प्रथम द्रव्यविचार. इजिप्तचे लोक फावा बीन्स वापरतात आणि त्याला तामिया म्हणतात. लेबनॉन-पॅलेस्टाइनकडे काबुली चणे चालतात. वाकोल्याच्या वाण्याकडे काबुली चणेच मिळतात, त्यामुळे वाद मिटला. चणे रात्रभर भिजत घालावेत, शिजवू मात्र नयेत. शिजलेल्या चण्यातला स्टार्च आधीच फुगून बसलेला असतो, मग गोळा धरत नाही. चणे निथळून, फडक्यावर कोरडे करून, कांदा-लसूण, भरपूर कोथिंबीर आणि धने-जिरे घालून मिक्सरला रवाळ वाटावेत. ज्या घरात डाळवडे होतात त्या घराला यात नवे काही नाही. पण डाळवड्यांचे कोणी फोटो काढत नाही.

आता यंत्रविचार. फिलिप्सने एअर फ्रायर 2010 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला. आत एक तापणारी कॉइल आणि वर पंखा, एवढाच त्याचा संसार. म्हणजे ही भट्टीच, नाव तेवढे तळणीचे. हवा तेलापेक्षा फार सावकाश उष्णता देते. कढईत चार-पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला इथे 190 अंशांवर 15 मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात कोरडा गोळा खडूसारखा होतो.

पूर्वपक्ष म्हणेल, तेल नको म्हणूनच तर यंत्र घेतले. त्याला इतिहासाचे उत्तर आहे. कोकणातले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गाव त्यांना शनवार तेली म्हणे. 1948 नंतर त्यांतले बरेच इस्रायलला गेले आणि तिथून त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. अर्थात फलाफलाच्या मुलखात मराठी पोहोचली ती तेल्यांच्या तोंडून. त्याच मराठीत निस्तैल फलाफलाचा पुरस्कार करणे हा शुद्ध परंपराद्रोह होय.

सामाजिक परिणाम याहून गंभीर. वाकोल्याच्या जुन्या इमारतीत कढई चढली की वास जिना उतरतो, आणि खालच्या काकू कधीची राहिलेली वाटी परत द्यायला नेमक्या तेव्हाच येतात. एअर फ्रायर नुसता घुंई करतो. बाहेर पत्ताच लागत नाही. वाट्या घरोघर अडकून पडल्या आहेत.

सबब निर्णय असा: वाटणात चमचाभर तेल घालावे, चपट्या गोळ्यांना वरून ब्रशने थोडे लावावे, मध्ये एकदा उलटावे. असे फलाफल खाण्याजोगे होते, कढईतल्याची सर मात्र त्याला येत नाही. तेल थेंबभरही नको असेल त्यांनी चणे उकडून खावेत. उसळ सुचवता येत नाही, तिला फोडणी लागते.