कंबर नेमकी कुठे असते?

2004 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांनी स्वतःचेच फोटो छापून आणले. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. उंची आणि वजन यांच्या हिशेबातून निघणारा बीएमआय दोघांचाही 22.3. कुठल्याही वधूपित्याने डोळे झाकून पसंत करावा असा सोज्वळ आकडा! मग दोघांची डेक्सा यंत्राने तपासणी झाली. युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के चरबी निघाली, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. खुलासाही त्यांनी न हसता लिहून टाकला. युडकिन मॅरेथॉन पळतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार लागायच्या आत ती गाठणं. दोघांची आडनावं इंग्रजीत 'वाय'ने सुरू होतात, म्हणून या कोड्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. पुणेकराने जाहीरपणे स्वतःचंच उणं काढल्याचा हा दुर्मीळ लेखी पुरावा असल्याने तो जपून ठेवायला हवा.

गंमत इथे संपत नाही. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली आणि इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. 2003 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, तिकडचं 3.5 किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, एकूण घेरही बेताचे, पण पाठीवरच्या चरबीत सर्वांत कमी तूट. बाकी सगळ्यात काटकसर करून चरबी तेवढी राखून ठेवलेली. बारीक दिसणारा पण आतून चरबी बाळगणारा हा देह आपण जन्मतःच घेऊन येतो, तेव्हा पुढे सुटलेल्या पोटाचा सगळा दोष श्रीखंडाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. थोडा मारायला हरकत नाही.

तरीही घरोघरी सकाळ उजाडते ती वजनाच्या काट्यावर. पूर्वी रेल्वेच्या फलाटावरचं ते दिवे लुकलुकवणारं यंत्र निदान तिकिटावर भविष्य तरी छापून द्यायचं. आताचा काटा नुसताच 72.4 म्हणतो आणि दशांश दाखवतो म्हणून खरा वाटतो. रविवारच्या मिसळीतल्या मिठाने पाणी धरून ठेवलं की सोमवारी तोच काटा भलतंच काही सांगतो. खाणं एकदम आखडलं तर आठवडाभरात दोन किलो उतरतात आणि गृहस्थ सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विजयाची घोषणा करतात. त्यातलं बरंचसं पाणीच असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं, साठा उपसला की तेही जातं. खरी चरबी अशी घाईने हलत नाही. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. त्या एका एकादशीत जळत नाहीत, आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस नि वर केळ्याची शिकरण असेल तर हिशेब उलट्या दिशेला जातो.

अलीकडे मराठी घरांत यावरून दोन पंथ झाले आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा पंथ दिवसातून दोनदाच, आणि तेही प्रत्येक वेळी 55 मिनिटांत, जेवायला सांगतो. ऋजुता दिवेकरांचा पंथ थोड्या थोड्या वेळाने खा आणि तुपाला घाबरू नका म्हणतो. काही घरांत नवरा 'दीक्षित करतो' आणि बायको 'दिवेकर करते'. स्वयंपाकाचं वेळापत्रक कोण सांभाळतं, हे सांगायची गरज नाही. रात्री दोघं एकाच काट्यावर चढतात आणि ज्याचा आकडा खाली, त्याचा पंथ खरा ठरतो.

बीएमआयचं गणित ज्याने मांडलं तो अदोल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. 1830 च्या दशकात तो 'सरासरी माणूस' शोधत होता. कुणाचं पोट सुटलंय हे त्याला पाहायचंच नव्हतं. बीएमआय हे नाव तर 1972 साली अन्सेल कीजने दिलं. तेव्हा या आकड्याने पोटाचा पत्ता सांगितला नाही, यात त्या बापड्याचा काय दोष?

पत्ता सांगते ती शिंप्याची टेप. भारतीय डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80. आता इथे खरा घोळ सुरू होतो. मध्यमवयीन मराठी पुरुषाला कमरेचं माप विचारा. तो ताठ मानेने "चौतीस!" म्हणतो. लग्नात चौतीस होती, मुलाच्या मुंजीत चौतीस होती, मुलाच्या लग्नातही चौतीसच. वीस-पंचवीस वर्षांत कंबर वाढलेलीच नसते, पट्टा तेवढा दरसाल थोडा खाली सरकलेला असतो. पोट वरून सज्जासारखं पुढे आलेलं आणि पट्टा त्याच्या सावलीत सुखरूप. शास्त्राला ही कंबर मान्य नाही. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, यांच्या बरोबर मध्ये टेप जमिनीला समांतर धरायची आणि सहज श्वास सोडून झाल्यावर माप घ्यायचं. 'सहज' या अटीवरच बहुतेक पुरुष नापास होतात. टेप दिसताच छाती पुढे आणि पोट पाठीच्या कण्याला टेकतं.

टेप नसेल तर पायजम्याची नाडी चालते. लांब नाडी उंचीएवढी कापावी, मधोमध दुमडावी आणि दुमडलेली नाडी पोटाभोवती घालावी. दोन टोकं भेटली तर ठीक; नाही भेटली तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि डॉक्टरांना ते आवडणार नाही. कारण कातडीखालची चरबी दिसायला वाईट असली तरी त्या मानाने गरीब असते. आतड्याभोवती साचलेली चरबी खरी उपद्व्यापी, तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जातात आणि तिथे इन्सुलिनचं काम बिघडवतात. घराघरांतून नाडी हद्दपार झाली आणि इलॅस्टिक आलं, तिथे एक स्पष्टवक्ता साक्षीदार गेला. इलॅस्टिक कुणाचंच मन दुखवत नाही.

स्नायूंचा हिशेब तर काटा करतच नाही. उपासमार करून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि काटा दोन्हींना सारखीच शाबासकी देतो. म्हणूनच आठवड्याला अर्धा ते एक किलो, पुरेशी डाळ-उसळ आणि थोडं वजन उचलणं, असा कंटाळवाणा सल्ला डॉक्टर देत राहतात. 2015 साली 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांची हाताची पकड मोजणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूचा धोका सांगण्यात पकड ही वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरली. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला घरातला जो माणूस हळूच दुसऱ्याला हाक मारतो, त्याने याची नोंद घ्यावी.

ब्राझीलमधल्या डॉक्टरांची चाचणी तर थेट आपल्या पंगतीतून उचलल्यासारखी आहे. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक टेक्याला एक गुण वजा, तोल गेला की अर्धा. पन्नाशीपुढच्या दोन हजार माणसांची अशी परीक्षा घेऊन 2012 साली निकाल प्रसिद्ध झाला. कमी गुणवाल्यांत पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. पाटावर मांडी घालून जेवणाऱ्या पिढीने ही परीक्षा दिवसातून दोनदा, भरल्या पोटी, जिलबीचा आग्रह मोडून काढत दिली होती. मग लग्नात बफे आला, घरात डायनिंग टेबल आलं. आता सत्यनारायणाच्या पूजेला यजमान बसले की गुरुजींना आरतीपेक्षा यजमानांच्या उठण्याची काळजी जास्त.

काटा अडगळीत टाकावा असं मात्र नाही. विनाकारण वजन घटायला लागलं तर तोच आधी ओरडतो. वजनदार माणसाचं पाच टक्के उतरलं तरी रक्तदाब आणि साखर सुधारते. पण चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा 2006 सालचा अभ्यास काट्याला वाचून दाखवायला हवा. साखर सीमारेषेवर असलेली 531 माणसं त्यात होती. एका गटाला नियमित चालायला आणि गोड, तेलकट आवरायला लावलं. नेहमीच्या सल्ल्यावर सोडलेल्या गटाच्या तुलनेत मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं. वजन? ते जवळपास होतं तिथेच. अभ्यासाच्या अडीच वर्षांत ती माणसं रोज काट्यावर चढली असती, तर 'काही उपयोग नाही हो' म्हणून चालणं सोडून पहिल्याच महिन्यात भजी तळायला बसली असती.

शिंप्यांना हे सगळं फार आधीपासून ठाऊक असावं. पॅन्ट शिवताना मागच्या शिवणीत ते न सांगता दीड-दोन इंच माया ठेवतात. गिऱ्हाईक "चौतीस" सांगतं, शिंपी वहीत चौतीस लिहितो आणि दिवाळीनंतर येतीलच, या हिशेबाने त्याच रंगाचं रीळ बाजूला ठेवतो.