अप्पांची रंगीत तालीम

आमच्या शेजारच्या अप्पांना अजून काही झालेलं नाही. बीपीची एक गोळी, बस्स. पण परवा त्यांनी अंगणात बाज टाकली, वर स्वतः आडवे झाले, गल्लीतली चार पोरं गोळा केली आणि मला मोबाईलवर वेळ लावायला सांगितली. ‘‘घराचं दार म्हणजे रेल्वेच्या डब्याचं दार. न्हाणीचा बोळ म्हणजे संडासाशेजारचं वळण. गाडी दोन-तीन मिनिटं थांबणार, तेवढ्यात मला बर्थवर घाला.’’

पहिल्या खेपेला बाज दारात अडकली. दुसऱ्या खेपेला बाज आत गेली, अप्पा उंबऱ्यावर राहिले. तिसऱ्या खेपेला सलाईन म्हणून काकूंनी उंच धरलेला तांब्या अप्पांच्या तोंडावर रिकामा झाला. वेळ भरली सहा मिनिटं. गाडी तोवर बार्शीच्या वाटेला लागली असती.

यात अप्पांचं काही चुकत नाही. आपल्याकडं दुखणं मोठं झालं की एकच वाक्य कानावर येतं, ‘पेशंट पुढं हलवा.’ पुढं म्हणजे सोलापूर, त्याच्या पुढं पुणे, त्याच्याही पुढं मुंबई. २०१८ पासून आपण धाराशिवकर नीती आयोगाच्या यादीतला आकांक्षित जिल्हा आहोत. आकांक्षा काय, तर पुढं जिवंत पोचावं.

रेल्वेला आजाऱ्यांची कणव नाही असं मात्र कुणी म्हणू नये. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ. डायलिसिस, टीबी, थॅलेसेमिया, सगळ्यांना सवलत. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली, रुग्णांची चालू राहिली. म्हणजे नुसतं म्हातारं होण्यापेक्षा आजारी पडलेलं परवडतं. अट एवढीच, आजार कितीही गंभीर असो, पेशंट धडधाकट पाहिजे. दाखला त्याचा, धक्काबुक्कीही त्याचीच.

खाटांचा डबा रेल्वेकडं नाही, असंही नाही. अपघातस्थळी जाणारी वैद्यकीय गाडी असते. तिच्यात खाटा, ऑपरेशनचं टेबल, सगळं असतं. पण ती निघते दुसरी गाडी रुळावरून घसरल्यावर. अप्पांनी डॉक्टरच्या डब्याची वाट बघायची, तर आधी त्यांची गाडी घसरायला हवी.

फ्रान्सनं २६ मार्च २०२० रोजी स्ट्रासबर्गहून कोरोनाचे २० अत्यवस्थ रुग्ण टीजीव्ही या वेगवान गाडीतून दूरच्या दवाखान्यांत हलवले. आपणही कमी नाही. पाच हजारांवर डबे विलगीकरणासाठी सजवले, आणि एप्रिल २०२१ मध्ये नंदुरबारला त्यांत रुग्ण ठेवलेही. डबे मात्र जागचे हलले नाहीत. हलला तो ऑक्सिजन. त्याच महिन्यात त्याच्यासाठी कळंबोलीहून खास गाडी सुटली. २०१६ साली मिरजेचं पाणी रेल्वेत बसून आपल्या स्टेशनावरून लातूरला गेलं. इथं पाण्याला आणि हवेला गाडी मिळते. तहानलेल्यानं आणि धाप लागलेल्यानं वेटिंग लिस्टमध्ये राहावं. मध्यंतरी स्टेशनचं नाव धाराशिव झालं, कोडही बदलला, थांबा तेवढाच.

खासगी ‘ट्रेन ॲम्ब्युलन्स’वाले आहेत म्हणा. एसीतले बर्थ रिझर्व्ह करतात, सोबत डॉक्टर, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर. अप्पांनी एकाला फोन लावला. आकडा ऐकला आणि बीपीची दुसरी गोळी घेतली.

मग अप्पा रेल्वेचे नियम धुंडाळत बसले. आडवा माणूस नेण्याची सोय शेवटी सापडली. रीतसर दाखले, ठरलेला दर, पावती, सामानाच्या डब्यात जागा. फक्त तो माणूस मेलेला असावा लागतो.

अप्पांनी चष्मा काढला. टेप घेऊन बाजेची रुंदी पुन्हा एकदा मोजली.

‘‘त्या डब्याला वळण नसतं,’’ ते म्हणाले. ‘‘आणि दारही चांगलं रुंद असतं.’’