घाण कोणाच्या पाठीवर?

शुक्रवारी रात्री बंगळुरूच्या बसवनगुडीतून गाड्या सुटतात. पाठीवर सॅक, सोबत तंबू, मुक्काम गंडिकोटा. आंध्रातला कोरडा कडप्पा जिल्हा, पेन्नार नदीने कापलेली खोल घळई, काठावर किल्ला. पहाटे कड्यावर सूर्योदय आणि फोटोंची झुंबड.

आणि सकाळचे विधी?

त्यांचे फोटो कोणी टाकत नाही.

एका कड्यावर एका रात्री किती माणसे मावतात? तंबू लावायला जागा आहे म्हणून माणसेही मावतात, असा हिशेब चालतो. पोटाचा हिशेब कोणी करत नाही. कोरड्या मुलखात घाण लवकर कुजत नाही; पाऊस आला की पेन्नारमध्ये उतरते. खालच्या गावांनी काय पाप केले?

बसवनगुडीकराला हे कळू नये? 1898च्या प्लेगनंतर ही वस्ती आखली गेली. रुंद रस्ते, मोकळी हवा, घरांमागे सफाईच्या गल्ल्या. रोगराईच्या धास्तीतून जन्मलेले हे स्वच्छ उपनगर. पण त्या गल्ल्यांतून मैला वाहणारे हात घरमालकाचे नव्हते.

सव्वाशे वर्षे झाली. घाण दुसऱ्याने उचलायची, ही सवय सुटलेली नाही.

मराठी वाचकांनी नाके मुरडू नयेत. पावसाळा सरला की सांदण दरीच्या तोंडाशी, साम्रदच्या माळावर हेच चालते.

अमेरिकेत झायन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. गर्दी तिथेही अफाट. पण तिथल्या 'नॅरोज' घळईत रात्री राहायचे तर परवाना लागतो. तळ ठरलेले, अवघे 12. मुक्काम एकच रात्र. शेकोटी बंद. आणि प्रत्येकाने आपला मैला पिशवीत बांधून पाठीवरून परत आणायचा.

होय, पाठीवरून. किळस आली? मग जो आपल्यामागे ते उचलतो, त्याला काय वाटत असेल?

आपल्याकडे जमणार नाही, असे म्हणू नका. 2024च्या जानेवारीत कुमार पर्वताच्या वाटेवर मुंग्यांसारखी रांग लागली. कर्नाटकाचे वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी ऑनलाइन नोंदणी नसलेल्या वाटांवरचे ट्रेकिंग थांबवले. पुढे नोंदणी आली, एका वाटेवर दिवसाला 300 माणसांची मर्यादा आली. ओरड झाली. होऊ दे! डोंगराला तेवढी उसंत मिळाली.

गंडिकोट्याच्या कड्यालाही असाच आकडा हवा, आणि तो सुट्टीच्या शनिवारी पाळला जाताना दिसायला हवा. तोवर तंबूचे पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: माणसे किती, शौचालये किती, आणि त्यातला मैला जातो कुठे?

शेवटच्या प्रश्नावर तो गप्प बसला, तर पैसे भरू नका.