वायफायवाले पु. ल.

"ताई, पु. ल. कुठल्या साली गेले हो?"

सकाळचे साडेनऊ. वहिनी कुंपणाशी उभ्या, हातात कढीपत्त्याची डहाळी. झाड आमचं, पण वाकलंय त्यांच्या अंगणात; त्यामुळे मागणं-सांगणं कधीच बंद झालंय.

"२००० साली, जूनमध्ये. फोडणीच्या वेळेला पु. ल. कुठून आठवले?"

"आणि आपल्या गल्लीत वायफाय कधी आलं?"

"करोनात. पोरांच्या शाळा फोनवर भरायला लागल्या तेव्हा."

"झालं तर मग. हे वाचा." जाळीवरून फोन माझ्या हातात आला.

गोष्ट अशी होती: नवी सून घरात आली. सासूने किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला. सून म्हणाली, "आई, वायफायचा पासवर्ड?" सासूचे डोळे भरून आले. सुनेला पोटाशी धरून ती म्हणाली, "पासवर्ड आहे 'माझी लेक'." खाली तीन जोडलेले हात, दोन गुलाब आणि त्याखाली: पु. ल. देशपांडे, साभार.

"अहो, ही तर तुमची अलक!"

"होती. दिवाळीत माहेरच्या ग्रुपवर टाकलेली. शेवट आठवतोय ना तुम्हाला?"

न आठवायला काय झालं? मूळ गोष्टीत सून पासवर्ड मागते आणि सासू थबकते. एवढी सत्ता सोडायची तिची अजून तयारी नसते. संपली गोष्ट. कुणी रडत नाही, कुणी कुणाला पोटाशी धरत नाही. म्हणून तर मला आवडली होती. अति लघुकथा, म्हणजे अलक, व्हॉट्सअ‍ॅपवर तणासारखी माजलीय. पण बहुतेकींत वृद्धाश्रम असतो, नाहीतर बापाची झिजलेली चप्पल, आणि शेवटच्या ओळीला वाचणाऱ्याने डोळे पुसलेच पाहिजेत अशी जबरदस्ती. वहिनींची गोष्ट त्यातली नव्हती. वाटेत कुणीतरी तिला त्यात बसवली.

"आलं कुठून हे?"

"कुठून येणार? आपल्या कॉलनीतल्या अण्णांकडून. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. सूर्योदयाच्या चित्राच्या लगेच खाली. आणि ऐका पुढे. काल दूध आणायला गेले तर मला डेअरीपाशी थांबवून म्हणाले, वाचलंत का? पु. लं.ना माणसं कशी कळली होती बघा. मग पाच मिनिटं मला माझीच गोष्ट समजावून सांगितली."

"मग सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? मीच पु. ल. म्हणून?"

मला हसू आवरेना. उभी हयात वाचनालयाच्या काउंटरवर गेली माझी, पुस्तकाचं पहिलं पान फाडून नेणारी माणसं पाहिली. पण लेखिकेलाच तिचं लिखाण दुसऱ्याच्या नावाने समजावणारा वाचक नव्हता पाहिला.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका. हे तुकोबांनाही चुकलं नाही. सालोमालो माहीत आहे ना?"

"नाव ऐकलंय. कोण तो?"

"तुकोबांच्याच काळातला. त्यांचे अभंग उचलायचा आणि शेवटी त्यांच्या नावाच्या जागी आपलं घालायचा. 'सालोमालो म्हणे'. तुकोबा इतके वैतागले की त्याच्यावर अभंगच केले. गाथेत आहेत. आता गंमत बघा, सालोमालोने ढापलेले अभंग कुणाला पाठ आहेत? कुणालाच नाही. तो उरलाय तो तुकोबांनी झोडपलं म्हणून."

"म्हणजे मी अण्णांवर एक अलक लिहू?"

"लिहा की. पण तुमच्या बाबतीत चोरी उलट्या बाजूने झालीय. सालोमालोने मोठ्याचं आपल्या नावावर केलं. तुमचं मोठ्याच्या नावावर गेलंय. तीही जुनीच रीत. 'तुका म्हणे' शेवटी चिकटवलं की कुणाचाही अभंग चालून जायचा. गाथेच्या निरनिराळ्या प्रतींत कुठला खरा, कुठला मागाहून घुसलेला, यावर विद्वानांनी पिढ्यान् पिढ्या घालवल्यात. एकनाथांनी तर १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या पोथ्या मिळवून, घुसडलेलं सगळं काढून शुद्ध प्रत केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नका. ज्ञानेश्वरी १२९०ची. तीनशे वर्षांत लोकांनी एवढे हात मारले होते."

"फॉरवर्ड करणाऱ्यांचेच पूर्वज!"

"पण एक फरक आहे. अभंगात नाव आत शिवलेलं असतं. 'तुका म्हणे' काढा, शेवटचं चरण लंगडं होतं, चाल मोडते, टाळ चुकतो. दुसरं नाव घालायचं तर तेवढ्याच मापाचं शोधावं लागतं. नाथांचं बघा, 'एका जनार्दनी'. स्वतःबरोबर गुरूंचंही नाव गुंफलंय. जनाबाईंचं 'नामयाची जनी'. होनाजी-बाळाचं तर दोघांचं नाव. होनाजी रचायचा, बाळा गायचा, आणि दोघंही कवनात हजर. आत्ताच्या रीलवर गाणारी दिसते, नाचणारी दिसते. गाणं लिहिलं कुणी, कुठे असतं?"

"गझलेतही असतं की असं. आपल्या दुधगावचे इलाही जमादार, त्यांच्या शेवटच्या शेरात 'इलाही' यायचं."

"तेच म्हणतेय मी. पाठांतरावर चालणाऱ्या काळात लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की कागद हरवणार, वही भिजणार, माणूस मरणार. म्हणून नाव ओळीत घातलं. छापखाना आला आणि नाव बाहेर गेलं, मुखपृष्ठावर. छापील पानावर ते सुरक्षित होतं. 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९चा. तेव्हापासून आपण अनुक्रमणिकेत आधी नावं बघतो आणि मग लेख. आता तुमची अलक ना ओळीत नाव घेते, ना तिला मुखपृष्ठ. तुम्ही नाव लिहिता सगळ्यांत खाली, दोन ओळी सोडून. पाठवणाऱ्याचा अंगठा तिथपर्यंत पोचतच नाही."

वहिनींनी आता डहाळीची पानं ओरबाडायला घेतली होती. म्हणजे कढी लांबणार.

"पण फोनला कळत नाही का? माझ्या नंबरवरून गेलं ना ते."

"नाही कळत. म्हणजे कळू देत नाहीत. फॉरवर्ड केलं की तो निरोप 'फॉरवर्डेड' एवढीच पाटी घेऊन जातो, मूळ पाठवणाऱ्याचं नाव नाही. ती पाटीही आली २०१८ मध्ये, अफवांनी माणसं मेली तेव्हा. मग एका वेळी पाचच ठिकाणी पाठवा, असा नियम आपल्याकडे झाला. २०२० पासून जे फार फिरलंय ते एका वेळी एकालाच. पण तुमच्या गोष्टीला तेही लागू नाही."

"का?"

"कारण अण्णांसारखी माणसं फॉरवर्ड करत नाहीत, कॉपी करून चिकटवतात. पाटीच जाते. वरून हात साफ करायला मोकळीक. शेवट आवडला नाही, बदला. लेखिका माहीत नाही, पु. ल. घाला. गंभीर असेल तर व. पु. कविता असेल तर कुसुमाग्रज."

"आणि इंग्रजीतून आलेलं असेल तर चाणक्य!"

"तुम्हाला राग कशाचा आलाय, वहिनी? नाव गेलं त्याचा, की शेवट बदलला त्याचा?"

थोडा वेळ नुसती पानं ओरबाडली गेली.

"शेवटाचा," त्या म्हणाल्या. "नाव गेलं तर गेलं. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांना कुठे नाव होतं? उखाण्यांना तरी कुठे असतं? पण तिने गायलेली ओवी दुसरीने उचलली तरी ती चांगली व्हायची. ही वाईट झाली."

वहिनी असं मधेच काहीतरी मोलाचं बोलून जातात, म्हणून तर आमचं कुंपणावर उभं राहणं एवढं लांबतं.

खरं आहे ते. उखाण्यात नवऱ्याच्या नावाची जागा मोकळी सोडलेली असते; यमक जुळवणारी बाई कोण, कुणी विचारत नाही. सांगलीतला उखाणा बेळगावात जातो, राव बदलतात, उखाणा तोच. सध्या फोनवर जे मीम फिरतात त्यांची बैठक याहून वेगळी नाही: चित्र ठरलेलं, मजकुराची जागा रिकामी, आपापलं भरा. ओवीचंही तसंच. मानसोल्लास हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात हे त्यात नोंदलंय. आठशे-नऊशे वर्षं बायका ओव्या एकमेकींना देत आल्या. भावाच्या जागी आपला भाऊ, गावाच्या जागी आपलं गाव. त्यात भर घालणारीला ओवीचं माप ठाऊक होतं, कारण तीही जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली असायची. खुंट्याला दोघींचे हात. अण्णांच्या हाताला काय लागतं? नुसती काच.

"ओव्यांचं म्हणाल तर," मी सांगितलं, "हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हजारावर गावं फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात आहेत, २०१७ पासून. आणि तिथे काय लिहिलंय माहितीय? गाणारीचं नाव, गाव, तालुका, मुलं किती, शेती की मजुरी. फोटोसुद्धा. ओवी कुणी रचली हे कुणालाच सांगता येणार नाही, पण त्या दिवशी गायली कुणी, ते लिहून ठेवलंय. इंटरनेटवर नाव टिकवता येत नाही असं नाही. टिकवणारा पाहिजे."

"बहिणाबाईंना सोपानदेव होते."

"होते म्हणून तर. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून घेतलं, अत्र्यांनी वाचलं आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. नाहीतर त्या ओव्याही जळगावकडच्या कुणा बाईच्या म्हणून फिरल्या असत्या."

"माझा सोपानदेव मराठी रोमनमध्ये लिहितो. 'आई जेवलीस का' वाचायला मला चष्मा लागतो."

"त्याला बोल लावू नका. ती सवय एसएमएसने लावली. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसला १६० खुणा बसायच्या, देवनागरीत ७०. चारोळी पाठवायची तर दोन-तीन एसएमएसचे पैसे. चंद्रशेखर गोखल्यांचं 'मी माझा' आलं आणि कॉलेजातला प्रत्येक जण चारोळ्या करायला लागला. नंतर त्या फोनमध्ये शिरल्या त्या रोमन अक्षरांत. वाचनालयात पोरं यायची, वहीत चारोळ्या उतरवून न्यायची, आणि आठवड्याने त्याच वहीत 'माझ्या चारोळ्या' असं मथळ्यावर लिहिलेलं. एकीला तर तिच्याच मित्राने पाठवलेली चारोळी मी कपाटातून काढून दाखवली होती. लग्न मोडलं नाही, पण बोलणं बंद होतं काही दिवस."

"तुम्ही पण काड्या करता हं, ताई."

"मग? कायद्याने गुन्हाच की. १९५७चा कॉपीराइट कायदा म्हणतो, तुम्ही लिहिलंत त्या क्षणापासून ते तुमचं, नोंदणी केली नसली तरी. कलम ५७ आणखी पुढे जातं: लिखाणावर आपलं नाव सांगायचा हक्क लेखकाचा, आणि कुणी त्याची मोडतोड करून लेखकाची अब्रू घालवली तर दाद मागायचाही. 'माझी लेक' हा पासवर्ड अब्रूत बसतो की नाही, ते वकिलाला विचारा."

"अण्णांवर दावा लावू? त्यांच्याच टेरेसवर माझे पापड वाळतात."

हा मुद्दा बिनतोड होता. अण्णांचं सगळंच वाईट नाही. कॉलनीत कुणाला रक्त लागलं तर पहिला फोन त्यांचाच. पण दिवाळी अंकाच्या पीडीएफ तेच वाटतात, आणि वर 'साहित्यसेवा' म्हणतात. अंक काढणारे कर्ज काढतात, सेवा हे करतात.

"मग आता करणार काय?" मी विचारलं.

"केलंय." वहिनींनी फोन परत घेतला. "काल रात्री नवी अलक लिहिली आणि लिहून पाठवलीच नाही. बोलून पाठवली. माझ्या आवाजात. सुरुवातीला नाव, शेवटी नाव, आणि गोष्टीतल्या बाईचं नावही माझंच. काढा म्हणावं आता."

ऐकली मी ती. पंचेचाळीस सेकंदांची. बाई उत्तम वाचतात हे इतकी वर्षं शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं. कीर्तनकार कसा ऐन ठिकाणी थांबतो, तशा शेवटच्या वाक्याआधी थांबल्या; मागे कुकरची शिट्टी झाली तीही जागेवर. ऐकायच्या पुस्तकांचा बाजार एवढा का वाढला ते अशा वेळी कळतं. आपलं वाङ्मय आधी ऐकायचंच होतं, डोळ्यांनी वाचायची चैन नंतरची. मला विचाराल तर वहिनींच्या सगळ्या अलकांत ही सरस.

"अण्णांना पोचली का?"

"पोचली ना. सकाळी उत्तर आलं." वहिनींनी वाचून दाखवलं: "वहिनी, आवाज फार गोड. पण ऐकायला वेळ लागतो हो, जरा टाइप करून पाठवा. म्हणजे पुढे सगळ्यांना टाकता येईल."