शोधनिबंध पाडण्याचा बालबोध वस्तुपाठ

सेट झाली, पीएच.डी. झाली, तासिका तत्त्वावरची वर्षे भोगून झाली आणि एकदाची जागा निघून तुम्ही सहायक प्राध्यापक झालात. अभिनंदन. आता स्थाननिश्चितीची, म्हणजे बढतीची, फाइल उघडा. हो, आजच. संशोधन कसे करावे हे या वस्तुपाठात सापडणार नाही. त्यावरची पुस्तके तुमच्या ग्रंथालयात आहेत आणि ती अजून कोरी करकरीत आहेत. इथे फक्त प्रकाशनाचे पाहू. साहित्य फारसे लागत नाही: एक लॅपटॉप, व्हॉट्सॲप, यूपीआय आणि भरवशाचा एक सहकारी.

पायरी पहिली: हिशेब

यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे भाषा, सामाजिक शास्त्रे, वाणिज्य वगैरे विषयांत एका शोधनिबंधाला १० गुण मिळतात. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला त्याचे ७० टक्के. नवखा माणूस इथेच फसतो. दुसऱ्याचे नाव घातले की आपले तीन गुण गेले, असे त्याला वाटते. कागद घ्या. तुम्ही एक निबंध एकट्याने लिहिलात, शेजारच्या टेबलावरच्या सरांनी एक एकट्याने लिहिला. दोघांचे दहा-दहा. आता तुमच्या निबंधावर त्यांचे नाव टाका आणि त्यांच्या निबंधावर तुमचे. दोघांचे चौदा-चौदा! कोणी एक ओळ जास्त लिहिलेली नाही आणि आठ गुण आकाशातून पडले. तिसरा घेऊ नका. तिघे झाले की मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्केच मिळतात. प्राचार्यांचे नाव घालायची वेळ आली तर मात्र हिशेब करत बसू नये.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. ती म्हणते, लेखक म्हणवून घ्यायचे तर कामात भरीव वाटा हवा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात हात हवा, अंतिम मजकुराला संमती हवी आणि पुढे कोणी प्रश्न विचारला तर उत्तरदायित्व हवे. चारातली एखादी अट नव्हे, चारही. या लोकांना आपल्याकडची स्टाफरूम दाखवायला हवी.

कोणी फारच नैतिकतेच्या गोष्टी सांगू लागला तर त्याला मांजराचा दाखला द्या. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ साली एक निबंध लिहिला आणि त्यात स्वतःचा उल्लेख सगळीकडे ‘आम्ही’ असा केला. लेखक एकच असेल तर नियतकालिकाला ते चालणार नाही, असे एका सहकाऱ्याने सांगितले. टंकलेखन यंत्राचा जमाना. सगळा निबंध पुन्हा कोण बडवणार? त्यांनी आपल्या चेस्टर नावाच्या मांजराला एफ. डी. सी. विलार्ड या नावाने सहलेखक केले आणि ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये निबंध छापून आला. पुढे १९८० साली याच विलार्डच्या एकट्याच्या नावावर एका फ्रेंच नियतकालिकात लेख आला. आपल्या नियमाने त्याचे पूर्ण गुण, वाटेकरी कोणी नाही. पण एक फरक लक्षात असू द्या: हेदरिंग्टन यांचा निबंध खरा होता.

पायरी दुसरी: नियतकालिक

ते शोधावे लागत नाही, ते तुम्हाला शोधत येते. ‘आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, बहुभाषिक, पीअर रिव्ह्यूड, रेफरीड’ अशी विशेषणांची माळ, खाली ‘आज पेपर पाठवा, उद्या स्वीकृतीपत्र’ आणि त्याखाली क्यूआर कोड, असा संदेश दर आठवड्याला ग्रुपवर पडतो. सहलेखकाच्या सर्टिफिकेटचे पैसे वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या. इम्पॅक्ट फॅक्टर तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेला असेल तर निर्धास्त व्हा. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती वेळा उद्धृत केले गेले, हे खरा इम्पॅक्ट फॅक्टर सांगतो. तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३पासून एकाच दशांशावर समाधान मानले आहे. आपले संपादक एवढ्यावर भागवत नाहीत.

आयएसएसएन ठळक छापलेला आहे ना, ते पाहा. हा नुसता ओळख क्रमांक आहे; दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण गुण देणाऱ्या समितीसमोर हा आठ आकडी क्रमांक फार उपयोगी पडतो.

यादीची चिंता सोडा. यूजीसीने नियतकालिकांची मान्यताप्राप्त यादी केली होती, तिच्यात तीस हजारांहून अधिक नावे होती. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तिच्यातला विद्यापीठांनी सुचवलेला भाग नमुन्यादाखल तपासला. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट दर्जाची असल्याचा निष्कर्ष २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. त्याच वर्षी मे महिन्यात ४,३०५ नियतकालिके यादीतून उडाली. मग ‘केअर’ यादी आली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या प्रकाशननैतिकता केंद्राकडे होते. तिच्यातल्या खऱ्या नियतकालिकांची नावे आणि क्रमांक उचलून काहींनी हुबेहूब तशीच संकेतस्थळे थाटली. २०२५च्या फेब्रुवारीत यूजीसीने तीही यादी बंद केली आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे तुमच्या महाविद्यालयावर, म्हणजे आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) समन्वयकांवर. ते कोण? शेजारच्या टेबलावरचे सर.

नियतकालिक मिळालेच नाही तर तालुक्याच्या ठिकाणी एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र असतेच. उद्घाटनाला उशीर, सत्कार, जेवण आणि ‘विशेषांक’. असा एखादा अंक मुद्दाम हातात घेऊन अनुक्रमणिका पाहा. तुकारामांच्या अभंगांतील पर्यावरण, सोयाबीनवरील कीड, महिला बचत गट, म्युच्युअल फंड, पुन्हा तुकाराम, हॅरॉल्ड पिंटर, कबड्डीपटूंची फुप्फुसे. आत एक मराठी निबंध हमखास सापडतो, ज्याचा जुना फॉन्ट छपाईच्या संगणकावर नव्हता. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत इंग्रजी अक्षरे, कंस आणि अर्धविराम यांचा नुसता चिवडा. चार पाने. शीर्षक आणि लेखकाचे नाव तेवढे शुद्ध, कारण ते संपादकांनी स्वतः टाइप केलेले असते. तो निबंध लेखकाने वाचलेला नाही, संपादकाने नाही, ‘दोन तज्ज्ञ परीक्षकांनी’ नाही आणि गुण देणाऱ्या समितीनेही नाही. गुण मिळाले आहेत.

पायरी तिसरी: लेखन

ही पायरी ऐच्छिक आहे. वाङ्मयचौर्याचे नियम २०१८पासून लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. ६० टक्क्यांच्या पुढे गेलात तर निबंध मागे घ्यावा लागतो, दोन वेतनवाढी जातात आणि तीन वर्षे गाइड होता येत नाही. इंग्रजीत लिहिणारे यावर उपाय म्हणून शब्द बदलणारी यंत्रे वापरतात आणि अडकतात. २०२१ साली गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी असे निबंध धुंडाळले, तेव्हा ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ झालेले सापडले. मराठीत ही यातायात नाही. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला स्कॅन केलेला प्रबंध यंत्राच्या लेखी नुसते चित्र. आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर? वर सांगितलेला तोच चिवडा. साम्य शून्य टक्के, प्रमाणपत्रासह.

पायरी चौथी: परीक्षण

खरे परीक्षण ही मोठी कटकट आहे. कोणी अनोळखी माणूस पैसे न घेता तुमचा मजकूर महिनोन्महिने चाळतो आणि ‘तक्ता तीनमधली बेरीज जुळत नाही’ असे कळवतो. दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाने यावर तोड काढली होती. परीक्षक म्हणून सुचवलेल्या नावांचे ई-मेल पत्ते त्याने स्वतःकडेच वळवले आणि आपल्या निबंधांचे परीक्षण आपणच केले. २०१२ साली हे उघडकीला आले. का? अभिप्राय चोवीस तासांच्या आत येत होते. एवढ्या झटपट खरा परीक्षक कधी उत्तर देत नाही, हे संपादकाला ठाऊक होते. आपल्याकडे चोवीस तास लागले तर लोक पैसे परत मागतात.

जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला होता. शालेय रसायनशास्त्राच्या थोडे पुढचे ज्ञान असलेल्याच्याही त्या लक्षात आल्या असत्या. १५७ जणांनी तो स्वीकारला. हा वृत्तान्त २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आला.

दोनचार निबंध झाले की तुम्हालाच संपादक मंडळावर येण्याचे निमंत्रण येईल. घ्या. पोलंडमधल्या संशोधकांनी ॲना शुस्ट नावाची एक काल्पनिक विदुषी उभी केली आणि तिच्या नावाने ३६० नियतकालिकांकडे संपादकपदासाठी अर्ज केले. तिच्या नावावर प्रकाशित असे काहीच नव्हते. ४८ ठिकाणी तिची नेमणूक झाली. तुम्ही तर प्रत्यक्षात आहात.

अडचणी आणि उपाय

निबंध चुकीचा निघाला तर? परदेशात मागे घेतात, पण सावकाश. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ साली छापला आणि २०१० साली मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत लस आणि स्वमग्नता यांचा नसलेला संबंध ब्रिटनमधल्या घराघरांत पोचला, लसीकरण घसरले आणि गोवर परतला. तुमचा निबंध एवढा वाचला जाणार नाही. ही सोय आहे, तिची कदर करा.

तरीही अपघात होतो. पीएच.डी. करणारी एखादी मुलगी पत्र लिहिते: ‘सर, आपण शंभर शेतकऱ्यांच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्यातील कोरडवाहू शेतकरी किती होते? मी त्याच तालुक्यात काम करते आहे.’ हिला कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशननैतिकतेचा दोन श्रेयांकांचा सक्तीचा पेपर होता आणि तिने तो मनावर घेतलेला दिसतो. प्रश्नावल्या तर स्टाफरूममध्ये दोन निळ्या आणि एका काळ्या पेनाने भरलेल्या. तिला लिहा, विदा जुन्या संगणकात होती. ती पुन्हा विचारील. मग सहलेखकाकडे पाठवा. तो तुमच्याकडे पाठवील.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: नियतकालिकाचे संकेतस्थळ वर्षा-दोन वर्षांत गायब होते, तेव्हा लिंकवर विसंबू नका. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि निबंधाचे पहिले पान अशा तीन छायाप्रती स्वसाक्षांकित करून फाइलला लावा. दुसरे पान कोणी मागत नाही.